मोटर कधी चालू करायची?

31 डिसेंबर 2013 या दिवशी देशाच्या वीजजाळ्याच्या नकाशावरची एक मोठी फट बुजली. रायचूर आणि सोलापूर यांच्यामध्ये उभारलेली 765 किलोव्होल्टची वाहिनी त्या दिवशी सुरू झाली आणि दक्षिण भारताची ग्रीड उर्वरित भारताच्या ग्रीडशी एका लयीत फिरू लागली. तोवर दक्षिणेशी देवाणघेवाण व्हायची ती भद्रावतीसारख्या ठिकाणच्या रूपांतरण केंद्रांतून, मोजूनमापून. या वाहिनीनंतर तमिळनाडूतले जनित्र आणि पंजाबातले जनित्र एकाच ठेक्याला बांधले गेले. दोनशे किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची ही तार सोलापूरच्या माळरानावर येऊन टेकते. शहरातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे. चादर, हुरडा आणि शेंगाचटणी यांच्या ओळीत या तारेलाही जागा मिळायला हरकत नाही.

हा ठेका म्हणजे विजेची फ्रीक्वेन्सी, 50 हर्ट्झ. घरातल्या सॉकेटमधली वीज सेकंदाला पन्नास वेळा आपली दिशा बदलून पुन्हा मूळ जागी येते, आणि देशभरातली बहुतेक मोठी जनित्रे त्याच वेगाशी जखडलेली असतात. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अवघड असते, म्हणून ज्या क्षणी जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी वाढली नाही, तर चढाला लागलेल्या उसाच्या बैलगाडीसारखी सगळी जनित्रे किंचित मंदावतात आणि आकडा पन्नासच्या खाली येतो. निर्मिती जास्त झाली की आकडा वर चढतो. भारतात 49.90 ते 50.05 ही ठीक पट्टी मानली जाते. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेल्या अभियंत्यांची नजर दिवसरात्र या आकड्यावर असते.

ग्रीड जितकी मोठी तितकी ती धक्के पचवते. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे 1320 मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, 660 मेगावॅटचे दोन संच. त्यातला एक संच अचानक बंद पडला, तर देशाची फ्रीक्वेन्सी हर्ट्झच्या काही शतांशांनी खचते. घरातला पंखा ते जाणवूही देत नाही. इतर केंद्रे आपापली वाफेची झडप जरा उघडतात, कोयनेसारखे जलविद्युत केंद्र काही मिनिटांत जोर लावते आणि आकडा पूर्वपदावर येतो. हे जमले नाही तर शेवटचा उपाय उपकेंद्रांतल्या रिलेंकडे असतो. फ्रीक्वेन्सी 49.4 च्या आसपास घसरली की ते कुणालाही न विचारता टप्प्याटप्प्याने फीडर, म्हणजे ग्राहकांकडे वीज नेणाऱ्या वाहिन्या, तोडू लागतात. भाग अंधारात जातात, पण ग्रीड वाचते.

जुलै 2012 मध्ये ती वाचली नाही. 30 तारखेच्या पहाटे उत्तर भारताची ग्रीड कोसळली आणि 31 तारखेला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन विभागांतली. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात वीज गेली. महाराष्ट्र ज्या पश्चिम विभागात येतो तो तगला. पण या घटनेत पश्चिमेचाही हात होता. त्या दिवसांत इथली मागणी कमी होती, शिल्लक वीज उत्तरेकडे ढकलली जात होती आणि उत्तरेतली काही राज्ये ठरल्यापेक्षा जास्त ओढत होती. मधल्या बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर ताण येऊन ती तुटली. देशात त्या वेळी वीज होती. ती चुकीच्या वेळी, चुकीच्या ठिकाणी मागितली जात होती. ग्रीड पडते तेव्हा 'वीज कमी पडली' असे सरसकट म्हटले जाते, ते बऱ्याचदा अपुरे असते.

इथेच मागणीचा प्रश्न येतो. गेली शंभर वर्षे वीज कंपन्यांची रीत एकच होती: लोक हवे तेव्हा बटण दाबतील, आपण त्याप्रमाणे निर्मिती वर-खाली करायची. अमेरिकेतल्या एमआयटीमधले प्राध्यापक फ्रेड श्वेपे यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीला ही रीत उलटी करून पाहिली. पाणी तापवणारा बंब किंवा शीतगृह दहा मिनिटे थांबले तर कुणाचे काही बिघडत नाही. मग या उपकरणांनीच फ्रीक्वेन्सी ओळखून, ताण असताना आपणहून थांबावे, अशी त्यांची कल्पना. तशा यंत्राचे पेटंट त्यांना 1982 मध्ये मिळाले. विजेची किंमत क्षणोक्षणी बदलावी आणि ग्राहकाने ती पाहून वापर ठरवावा, हा विचारही त्यांच्या गटाने सविस्तर मांडला. आज 'डिमांड रिस्पॉन्स' म्हणून जे संशोधन चालते, त्याचा बराचसा पाया तिथे आहे. मराठीत त्याला मागणी-प्रतिसाद म्हणू.

भारताने या विचाराचा एक भाग फार लवकर उचलला आणि तोही पश्चिम विभागात. 1 जुलै 2002 रोजी देशात सर्वांत आधी इथे नवी दरपद्धती लागू झाली. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला फ्रीक्वेन्सीनुसार दर लागू लागला, आकडा जितका खाली तितका दर चढा. त्याआधी पश्चिम विभागाची ग्रीड सायंकाळी 49 च्या खाली रेंगाळत असे. दर लागताच राज्यांची शिस्त सुधारली. पण ही शिस्त राज्यांपुरती, म्हणजे वीज मंडळांपुरती राहिली. खालच्या माणसापर्यंत किंमत पोचली नाही, पोचली ती फक्त लाइट जाण्याच्या रूपात.

त्यानंतरची वर्षे महाराष्ट्र विसरलेला नाही. 2005 ते 2012 या काळात राज्यात हजारो मेगावॅटची तूट होती आणि ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन चाले. 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली. तिने गळती आणि वसुली यांवरून विभागांचे गट पाडले. ज्यांची गळती जास्त त्यांना अंधार जास्त. तारेवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्याबरोबर नियमित बिल भरणाराही त्यात भरडला गेला. भारनियमन हीदेखील मागणी कमी करण्याचीच एक तऱ्हा, पण त्यात ग्राहकाला विचारले जात नाही, मोबदला मिळत नाही आणि कोणता वापर थांबवायचा हे त्याच्या हाती नसते. यंत्रमागावर चादर निम्मी झालेली असताना लाइट गेली की धागे तुटतात, पुन्हा जोडणीला वेळ जातो आणि कामगाराची मजुरी नगावर असल्याने तोटा सरळ त्याच्या खिशातून होतो. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत त्या काळी काम केलेल्या कुणालाही विचारावे.

याच काळात आणि त्याआधीही महाराष्ट्राने मागणी वळवण्याचे काही प्रयोग केले, आणि ते मोलाचे आहेत. एक तर फार जुना. उद्योगांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून देणे. पिंपरी-चिंचवडचे कारखाने गुरुवारी बंद असतात त्याचे मूळ तिथे आहे. दुसरा 2006 चा पुणे पॅटर्न. भारतीय उद्योग महासंघाने, म्हणजे सीआयआयने, असे सुचवले की पुण्यातल्या कारखान्यांकडे डिझेल जनित्रे आहेतच, ती कमाल मागणीच्या वेळी चालवून त्यांनी ग्रीडवरचा भार सोडावा आणि डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी बिलातून थोडा थोडा भरावा. वीज नियामक आयोगाने मंजुरी दिली आणि पुणे भारनियमनातून बाहेर पडले. मागणी कमी करणाऱ्याला पैसे देण्याचा हा राज्यातला पहिला ठळक व्यवहार. मात्र ज्या शहराकडे पैसा आणि जनित्रे आहेत त्यालाच तो परवडतो. सोलापूरने तो पॅटर्न दुरूनच पाहिला.

तिसरा प्रयोग गावांचा होता, अक्षय प्रकाश योजना. भारनियमनाच्या वेळेत गावाला वीज मिळेल, अट एकच: त्या वेळेत कुणीही मोटर किंवा गिरणी चालवायची नाही, फक्त दिवे आणि पंखे. भार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की फीडर बंद. लक्ष ठेवायचे ते गावानेच. सायंकाळी मुलांना अभ्यासाला उजेड हवा म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याला मोटर बंद करायला लावली. यात संगणक नव्हता, स्मार्ट मीटर नव्हते. पण मागणी-प्रतिसादाच्या संशोधनात ज्याला महत्त्व दिले जाते ते सगळे होते: आगाऊ ठरलेली वेळ, सर्वांना कळणारा नियम आणि पाळल्याचा लगेच दिसणारा लाभ. या योजनेचा अभ्यास विद्यापीठांनी व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, याची हळहळ वाटते.

पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्यात आले. गावात दिवाबत्तीला चोवीस तास वीज आणि शेतीला ठरावीक तास थ्री फेज. शेतीचे वेळापत्रक चक्राकार: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ किंवा दहा तास. राज्यात 45 लाखांहून अधिक कृषिपंप आहेत आणि महावितरणच्या विक्रीत त्यांचा वाटा जवळपास तीस टक्के. एवढा भार दिवसातून रात्रीत ढकलल्यावर औष्णिक केंद्रांना रात्री गिऱ्हाईक मिळाले आणि दिवसाची कमाल मागणी खाली आली. जगातल्या मोठ्या भारस्थलांतरांपैकी हे एक म्हणता येईल.

त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली. माढा, मोहोळ, करमाळा, मंगळवेढा इथल्या उसाला आणि डाळिंबाला मध्यरात्री दारे धरायला जायचे म्हणजे अंधारातली विहीर, विंचूकाटा, साप आणि थंडी. 2020 च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. 18 डिसेंबरला वांगी शिवारात त्या बिबट्याला ठार करावे लागले. त्या दिवसांतही मोटर लावायला रात्रीच जायचे होते. शेतीची वीज स्वस्त आहे, हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. तो पूर्ण खोटा नाही. पण स्वस्त दर ही सवलत सिंचनासाठी होती. ग्रीडची सेवा म्हणून रात्र जागवण्याचा मोबदला त्यात कधी धरला गेला नव्हता.

शेतीच्या फीडरवर आणखी एक गोष्ट घडते. तिच्यामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. रात्री दोनला लाइट येणार म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावून झोपतो. लाइट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. दाब खचतो, दाब खचला की मोटर आणखी करंट मागते आणि डीपी जळते. मग रोहित्र मिळेपर्यंत पीक वाळते. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करते आहे, ते याचसाठी. थांबवलेली मागणी एकदम परत येते आणि पहिल्यापेक्षा मोठा धक्का देते, हा मागणी-प्रतिसादातला जगभरचा प्रश्न आहे. त्यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक मोटरने काही सेकंद मागेपुढे सुरू व्हायचे. तशी वेळ लावून देणारा ऑटो स्विच सगळीकडे बसला तर कितीतरी डीपी वाचतील. शेतकऱ्याला झोप मोडायला सांगून हा प्रश्न कधीच सुटणार नव्हता.

आता सूर्याने गणित बदलले आहे. दुपारी सौर वीज इतकी असते की औष्णिक संचांना खाली यावे लागते, आणि सूर्य मावळताच घरे, दुकाने आणि एसी यांची मागणी चढत असताना ती वीज नाहीशी होते. देशाची कमाल मागणी 30 मे 2024 रोजी 250 गिगावॅटवर गेली. पण आजची खरी परीक्षा सायंकाळच्या त्या तासांची आहे. म्हणून जो भार रात्रीत ढकलला होता तो दिवसात आणणे आता ग्रीडच्याच हिताचे ठरते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली आणि 2023 मध्ये तिचा विस्तारित दुसरा टप्पा. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीचे फीडर दिवसा त्यांवर चालवायचे. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला, आणि राज्याचे लक्ष्य 16,000 मेगावॅटचे आहे. शेतकऱ्याची मागणी आणि ग्रीडची गरज यांचे घड्याळ इतक्या वर्षांनी जुळले आहे. फक्त एक धोका सांगायला हवा: दिवसा खात्रीची वीज मिळाल्यावर सांगोला-मंगळवेढ्यासारख्या अवर्षणी पट्ट्यात भूजलाचा उपसा वाढू शकतो. वीज दिली, पाणी मोजले नाही, असे होता कामा नये.

उद्योगांसाठी वेळेनुसार दर महाराष्ट्रात बरीच वर्षे आहेत. दीर्घकाळ रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती, आणि सायंकाळी सहा ते दहामध्ये एक रुपया दहा पैसे अधिभार. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांनी आपली पाळी त्यानुसार लावली. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी सौर तासांत दर कमी ठेवणे सर्व राज्यांना बंधनकारक केले, आणि महाराष्ट्रात जुलै 2025 पासून सवलतीचे तास रात्रीतून दिवसात सरकले. सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतल्या वापरावर वेळेनुसार वापर नोंदवणारे (टीओडी) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकालाही तेव्हा युनिटमागे 80 पैशांपासून सवलत ठेवण्यात आली. ज्यांनी रात्रपाळीसाठी यंत्रे घेतली, कामगार लावले, त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. दराचे संकेत वारंवार उलटले तर पुढच्या वेळी कुणी त्यांवर विश्वास ठेवून गुंतवणूक करणार नाही.

सोलापुरात मग काय हलवता येईल? माग नाही. तो एकदा चालू झाला की चालतच राहिला पाहिजे. पण सूत रंगवण्याचे पाणी तापवणे, गोदामाचे काम, चार्जिंग, बेदाण्याची शीतगृहे हे सगळे हलते. शीतगृह दुपारी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशाने जास्त थंड करून ठेवले तर सायंकाळचे काही तास कॉम्प्रेसर मंद ठेवता येतो, आणि बेदाण्याला त्याची खबरही लागत नाही. शहराचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या उजनीतून पंपांनी येते. तो भार मोठा आहे, पण आज वळवता येण्याजोगा नाही, कारण जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते तिथे पंप तासभर थांबला तरी पाळी पुढे जाते. साठवण टाक्या वाढल्या तर हाच भार ग्रीडचा आधार होऊ शकेल. टाकी ही पाण्याच्या रूपातली बॅटरीच आहे. उजनी धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचे जलविद्युत यंत्र आहे, ते उलटे फिरवून पाणी परत वर चढवण्याची सोयही त्यात केलेली आहे. अहिल्यानगर-ठाणे सीमेवरच्या घाटघरला तीच कल्पना 250 मेगावॅटपर्यंत नेली आहे.

मागणी-प्रतिसादाचा सर्वांत अवघड भाग मोजणीचा. न वापरलेली वीज मोजायची कशी? ग्राहकाने एरवी किती वापरली असती याचा अंदाज बांधावा लागतो आणि त्या अंदाजातच खोट शिरते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स या बेसबॉल मैदानावर 2010 च्या जुलैत सामना नसताना दिवे लावले गेले. कारण सरळ होते, नेहमीचा वापर जास्त दिसला की 'कपात' मोठी दिसते. केंद्रीय नियामकाने 2013 मध्ये संबंधित कंपनीला दंड केला. आपल्याकडे तर शेतीपंपांच्या मीटरचीच वानवा आहे, अश्वशक्तीवर बिले निघतात. मोजमाप नसेल तर मोबदलाही नाही. स्मार्ट मीटरला राज्यात झालेला विरोध म्हणूनच हलक्यात घेता येत नाही. मीटर बिल वाढवायला आले आहे अशी लोकांची भावना झाली, कारण त्यातून ग्राहकाला काय मिळणार हे आधी कुणी सांगितलेच नाही.

सांगितले तर लोक किती करतात याचे दोन दाखले पुरेत. 6 सप्टेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियात उष्णतेच्या लाटेत मागणी 52,000 मेगावॅटवर गेली. सायंकाळी सहाच्या सुमारास सरकारने मोबाइलवर संदेश पाठवला, अनावश्यक वापर थांबवा. अर्ध्या तासात सुमारे 2,000 मेगावॅटचा भार उतरला आणि भारनियमन टळले. दुसरा दाखला घरचा. 5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले. ग्रीड चालवणाऱ्यांचा अंदाज बारा-तेरा हजार मेगावॅटच्या घटीचा होता, प्रत्यक्षात 31,000 मेगावॅटहून अधिक भार काही मिनिटांत गेला आणि तसाच परत आला. जलविद्युत केंद्रांनी 17,000 मेगावॅटहून जास्त निर्मिती खाली आणून पुन्हा वर नेली. फ्रीक्वेन्सी 49.70 आणि 50.26 यांच्यामध्ये राहिली. अभियंत्यांचे हे कसब थक्क करणारे आहे. आणि लोक एका हाकेसरशी, एकाच मिनिटाला, अंदाजाच्या दुपटीहून अधिक प्रतिसाद देतात, हेही त्या रात्री नोंदले गेले.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2024 मध्ये मागणीच्या लवचीकतेसंबंधी विनियम केले आहेत. त्यांनुसार वितरण कंपन्यांना असे कार्यक्रम आखून आयोगापुढे ठेवावे लागतील. मुंबईत टाटा पॉवरने आपल्या मोठ्या ग्राहकांसह अशी सुरुवात आधीच केली आहे. ग्रामीण महाराष्ट्रासाठीच्या कार्यक्रमात शेतीपंप, शीतगृहे आणि पाणीयोजना यांना मोबदल्यासह स्थान मिळाले पाहिजे, आणि ज्या वेळी भार सोडायचा ती वेळ आदल्या दिवशी कळली पाहिजे. आयोगाच्या जाहीर सुनावणीत कोणत्याही वीजग्राहकाला लेखी सूचना आणि हरकती देता येतात. सोलापूरच्या यंत्रमागधारकांनी, बागायतदारांनी आणि महापालिकेने त्या द्याव्यात.